एमएसची जोखीम कोणी उचलायची?

सरकारने २०२५-२६ च्या खरिपासाठी साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरवला. अमेरिकेतल्या एखाद्या मध्यम दर्जाच्या विद्यापीठात इंजिनिअरिंगचे एमएस करायला दोन वर्षांची फी, राहणे-खाणे, विमा आणि तिकीट मिळून ४० लाख रुपये लागतात असे धरू. म्हणजे सुमारे १,७०० क्विंटल धान. एकरी १८ क्विंटल उतारा पकडला, तर तीन एकरवाल्या घराचा तीस वर्षांहून अधिक काळाचा सगळा माल. त्यातून रोवणीची मजुरी, खत, कापणी वजा केलेली नाही आणि घरात खायला एक पायलीही ठेवलेली नाही.

हा हिशेब कुणाला घाबरवायला मांडलेला नाही. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ वसलेल्या नाकाडोंगरीसारख्या गावातली मुले नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जातात, ही आता बातमी राहिलेली नाही. तिथे तिसऱ्या वर्षाला हॉस्टेलच्या खोल्यांत जीआरई या प्रवेश परीक्षेची पुस्तके दिसू लागतात, सीनियर टेक्सासहून फोटो टाकतात आणि एक दिवस घरी प्रश्न येतो, एमएसला जाऊ का? त्याची दोन तयार उत्तरे गावात फिरत असतात. एक म्हणते, वावर विकावे लागले तरी पोराला पाठवा, तिकडचा पगार दोन वर्षांत सगळे फेडतो. दुसरे म्हणते, ते आपल्यासारख्यांचे काम नाही, नागपुरात किंवा पुण्यात नोकरी पाहा. दोन्हींत थोडे थोडे खरे आहे. म्हणूनच दोन्ही तपासून घ्यायला हवीत.

आधी जाण्याची बाजू. तिचा सर्वांत भक्कम मुद्दा पगाराचा नसून विषयाचा आहे, आणि त्याचे उदाहरण नाकाडोंगरीच्या शेजारीच आहे. डोंगरी बुजुर्गची मॉईल या सरकारी कंपनीची खुली खाण मँगनीजसाठी ओळखली जाते. ड्राय सेलमध्ये वापरला जाणारा मँगनीज डायऑक्साइडचा दगड इथून निघतो. जवळच चिखल्याची भूमिगत खाण आहे. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारी रेल्वेची फाटा लाईन या खनिजाच्याच भरवशावर उभी राहिली. ब्रिटिश काळापासून इथला दगड खणून बाहेर जातो आहे. आज विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांत निकेल आणि कोबाल्टसोबत मँगनीज लागते. मात्र दगडापासून बॅटरीच्या दर्जाचे रसायन बनवणे हे वेगळेच ज्ञान आहे. खाणीच्या सायरनवर घड्याळ लावणाऱ्या गावातल्या मुलाने किंवा मुलीने मेटलर्जी, मायनिंग किंवा केमिकल इंजिनिअरिंग केले आणि पुढे तेच शिकायला बाहेरची वाट धरली, तर त्या जाण्याला अर्थ आहे. जर्मनीतल्या फ्रायबर्गचे खाणकाम विद्यापीठ १७६५ सालचे आहे. त्या विद्यापीठासह बेल्जियम, फ्रान्स आणि स्वीडनमधल्या विद्यापीठांनी मिळून चालवलेला ‘एमराल्ड’ नावाचा संयुक्त मास्टर्स अभ्यासक्रम खनिज संसाधनांवरच आहे. अशा विषयाला देशात चांगल्या जागा आहेत, धनबादची जुनी संस्था आहे, नागपूरचे व्हीएनआयटी आहे. तरीही काही उपकरणे, काही प्राध्यापक आणि काही प्रश्न तिकडेच भेटतात, हे मान्य करायला हवे.

दुसरा मुद्दा दुसऱ्या संधीचा. बारावीला तुमसर किंवा भंडाऱ्यात शिकणाऱ्या मुलाला जेईईची शिकवणी कोटा-नागपूरच्या मुलांइतकी मिळत नाही. अठराव्या वर्षी एका परीक्षेत मागे पडले की कॉलेज साधे मिळते, आणि साध्या कॉलेजच्या कॅम्पसवर मोठ्या कंपन्या फिरकत नाहीत. परदेशी विद्यापीठ चार वर्षांचे गुण, प्रोजेक्ट आणि शिफारसपत्रे पाहते, जेईईचा क्रमांक विचारत नाही. बाविसाव्या वर्षी पुन्हा नव्याने सुरुवात करता येणे ही ग्रामीण मुलांसाठी लहान गोष्ट नाही.

तिसरा मुद्दा पैशाचा, आणि तोही खोटा नाही. अमेरिकेत विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी घेतल्यावर ओपीटी या सवलतीखाली एक वर्ष आणि मुदतवाढीची दोन, अशी तीन वर्षे नोकरी करता येते. वर्षाला ८० हजार डॉलरची नोकरी लागली, चौघांत घर घेतले आणि हात आखडून राहिले, तर कर आणि खर्च जाऊन महिन्याला दीड-दोन हजार डॉलर मागे पडू शकतात. डॉलर ९० रुपयांच्या घरात असताना ते १.३५ ते १.८० लाख होतात. त्या वेगाने ४० लाखांचे कर्ज तीन वर्षांच्या आसपास फिटते. ज्यांचे असे फिटले ती घरे तुम्हाआम्हाला ठाऊक असतात, कारण त्यांच्या स्लॅबच्या घरावर नवा मजला चढलेला दिसतो.

ज्यांचे फिटले नाही ती घरे बोलत नाहीत. म्हणून आता दुसरी बाजू.

वरच्या हिशेबात ‘नोकरी लागली’ हे दोन शब्द फार सहज आले. पदवी मिळते, पण नोकरी आणि व्हिसा या विद्यापीठाच्या हातातल्या गोष्टी नाहीत. तीन वर्षांनंतर अमेरिकेत टिकायचे तर एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा लागतो. त्याच्या वर्षाला ६५ हजार आणि तिथल्या मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २० हजार जागा, आणि मागणारे त्याहून कितीतरी अधिक. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. तिथे आधीच शिकत असलेल्यांना व्हिसा बदलताना ते लागू नाही, असे नंतर स्पष्ट झाले खरे. पण मधल्या काही आठवड्यांत किती घरांची झोप उडाली असेल, याची कल्पना करता येते. त्याच वर्षी मे-जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणे काही आठवडे बंद होते. २०२४-२५ मध्ये अमेरिकेतल्या भारतीय विद्यार्थ्यांचा एकूण आकडा ३ लाख ६३ हजारांवर गेला, मात्र त्यातही पदव्युत्तर वर्गात बसलेल्यांची संख्या आदल्या वर्षापेक्षा घटली.

इतर देशांचेही दरवाजे एका जागी राहिलेले नाहीत. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आणली आणि खात्यात दाखवायची रक्कम १० हजार डॉलरवरून २० हजारांच्या पुढे नेली. ब्रिटनने त्याच महिन्यापासून शिकवणीच्या मास्टर्सवाल्यांना जोडीदार सोबत नेण्यावर बंदी घातली, आणि पदवीनंतर राहण्याची दोन वर्षांची मुदत २०२७ पासून दीड वर्ष होणार आहे. ऑस्ट्रेलियानेही मे २०२४ मध्ये बचतीची अट वाढवली. प्रत्येक देशाला आपले नियम बदलायचा अधिकार आहे. पण मुलगा विमानात बसतो एका नियमावर आणि पदवी घेऊन बाहेर पडतो दुसऱ्या नियमावर, हे धरूनच निर्णय घ्यायला हवा. शिवाय २०२५ च्या अखेरीस डॉलरने नव्वदी ओलांडली. दुसऱ्या वर्षाची फी भरताना कर्ज मंजूर केलेल्या दिवसाचा भाव कामी येत नाही.

वाईट वर्ष कसे दिसते, तेही आकड्यांत पाहू. ४० लाख रुपये, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षांची फेड धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे ५४ हजार होतो. शिकताना चढलेले व्याज मुद्दलात मिळवले, तर तो ६० हजारांच्या वर जातो. मुलगा तिकडे टिकू शकला नाही आणि नागपुरात किंवा पुण्यात चाळीस-पन्नास हजारांच्या नोकरीला लागला, तर त्याचा सगळा पगारही हप्त्याला पुरत नाही. उरलेले कोण भरणार?

याचे उत्तर बँकेच्या टेबलावर आधीच लिहिलेले असते. शैक्षणिक कर्ज साधारण साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळते. त्यापुढे बँक तारण मागते. बाप सातबारा काढून पुढे करतो, आणि मॅनेजर तो वाचून परत सरकवतो. २००२ च्या सरफेसी कायद्याच्या ३१ व्या कलमाने शेतजमिनीला वसुलीच्या कारवाईतून वगळलेले आहे. शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी केलेली ती तरतूद योग्यच आहे, पण तिचा दुसरा परिणाम असा की परदेशी शिक्षणाच्या कर्जाला बँका शेती तारण घेत नाहीत. मग घर. गावठाणातल्या घराचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा म्हणून बँक त्याच्यावर भागवत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मालमत्ता पत्रके दिली जात आहेत. ते पत्रक हातात आले तरी खेड्यातल्या घराचे मूल्यांकन नागपूरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटच्या जवळपासही जात नाही. शेवटी बँक सहकर्जदार विचारते. शेतीचे उत्पन्न करमुक्त, त्यामुळे बापाचे आयकर विवरणपत्रच नसते. म्हणून सही करायला येतो मॉईलमध्ये पगारदार असलेला काका, नाहीतर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असलेला मामा. म्हणजे कर्ज एका मुलाच्या नावावर असते आणि जोखीम दोन-तीन घरांत वाटली जाते. मामाच्या मुलीच्या शिक्षणाला उद्या कर्ज लागले, तर त्याची पत आधीच गुंतलेली असते.

बँकेने नाही म्हटले की खासगी वित्तसंस्था होय म्हणतात. व्याज जास्त, प्रक्रिया शुल्क वेगळे, आणि अनेकदा शिक्षण चालू असतानाच थोडे थोडे व्याज भरत राहावे लागते. काही बँका निवडक नामांकित विद्यापीठांसाठी तारणाशिवायही मोठी रक्कम देतात. त्यांची ती विद्यापीठांची यादी घरच्यांनी जरूर पाहावी. आपला पैसा परत येईल असे बँकेला कोणत्या विद्यापीठाबद्दल वाटते, हे त्यावरून कळते. सल्लागाराच्या माहितीपत्रकातून ते कळत नाही.

सल्लागारांबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. मोठ्या शहरांतल्या अनेक कन्सल्टन्सी विद्यार्थ्याकडून काहीच घेत नाहीत आणि त्याचे त्यांना भूषण वाटते. अनेक परदेशी विद्यापीठे प्रत्येक प्रवेशामागे एजंटला कमिशन देतात, त्यातून ती मोफत सेवा चालते. यात बेकायदा काही नाही, पण कमिशन देणाऱ्या विद्यापीठाचे नाव यादीत वर येणार, हे उघड आहे. विचारायचा प्रश्न सोपा आहे. या विद्यापीठाकडून तुम्हाला काही मिळते का? प्रामाणिक सल्लागार त्याचे उत्तर देतो.

जाणे आणि न जाणे यांच्या मधेही वाटा आहेत, आणि नाकाडोंगरीच्या घराला खरा विचार त्यांचाच करायला हवा. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. सेमिस्टरचे किरकोळ शुल्क तेवढे भरायचे. अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही २०२४ पासून फी लावली. राहण्याच्या खर्चासाठी वर्षाचे ११,९०४ युरो एका बंद खात्यात दाखवावे लागतात. ती रक्कम फी म्हणून जात नाही, महिन्याला ९९२ युरो अशी आपल्यालाच परत मिळते. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते आणि पदवीनंतर नोकरी शोधायला दीड वर्ष मिळते. पहिल्या वर्षाची सोय झाली की पुढचा बराच भार विद्यार्थी कामावर ओढतो. १५ लाखांच्या कर्जात हे बसवले, तर त्याच व्याजाने आणि त्याच मुदतीने हप्ता सुमारे २० हजार येतो. नागपूरच्या पगारातही तो भरता येतो.

मग सगळ्यांनी जर्मनीलाच जावे का? नाही. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय पदव्यांची एपीएस तपासणी सक्तीची झाली आहे, तिला वेळ लागतो. अभ्यासक्रम इंग्रजीत मिळाला तरी नोकरी बहुतेक ठिकाणी जर्मन मागते. दुकानात, घरमालकाशी, इंटर्नशिपला, सगळीकडे भाषा आडवी येते. भाषेचा अभ्यास पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून केला तरच ही वाट स्वस्त ठरते. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत तेच सर्वाधिक होते. तिकडेही आता गर्दी झाली आहे.

युरोपीय संघाची इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती महिन्याला १,४०० युरो देते आणि फीही त्यातच येते. वर उल्लेखलेला खनिजांचा अभ्यासक्रम याच कुटुंबातला. स्पर्धा तीव्र आहे, पण अर्ज करायला पैसे लागत नाहीत. अमेरिकेत थेट पीएचडीला प्रवेश मिळाला, तर इंजिनिअरिंगमध्ये बहुधा फी माफ होते आणि वर मानधन मिळते. ज्याला संशोधनाची खरीच आवड आहे, त्याने एमएसचे कर्ज काढण्याआधी हा अर्ज करून पाहावा. आणि देशातली वाट म्हणजे गेट. पात्र ठरून एमटेकला बसले की महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन, आयआयटीची प्रयोगशाळा, आणि त्याच गुणांवर काही सरकारी कंपन्यांची दारे. दरवर्षी लाखो मुले ही परीक्षा देतात, चांगली जागा थोड्यांनाच मिळते, आणि एमटेकनंतर आपल्याच शाखेतली नोकरी मिळेल याची हमी इथेही नाही. पण हरलो तर वर्ष जाते, घर जात नाही.

शिष्यवृत्तीचा विषय या जिल्ह्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वगळून मांडता येत नाही. १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक ते भंडाऱ्यातून लढले आणि हरले. त्यांच्या शिक्षणाचा प्रवास आपण अभिमानाने सांगतो, पण त्यातला पैशाचा भाग क्वचितच सांगतो. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. पुढे लंडनला गेले, तर १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. मग त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवले, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून पाच हजारांचे कर्ज घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. एवढ्या बुद्धीच्या माणसालाही आधी सार्वजनिक पैसा, मग नोकरी, मग बचत आणि सर्वांत शेवटी बेताचे कर्ज, याच क्रमाने जावे लागले. शंतनुराव किर्लोस्करांनी एमआयटीतून १९२६ मध्ये पदवी घेतली, तेव्हा परतीला किर्लोस्करवाडीचा घरचा कारखाना उभा होता. ज्याच्या पाठीशी कारखाना नाही, त्याच्या पाठीशी कोणीतरी राज्य असावे लागते. बडोद्याने ते केले.

आज ते काम महाराष्ट्र सरकारने करायचे आहे, आणि काही प्रमाणात ते होतेही. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना दरवर्षी ७५ जागा देते, फी आणि निर्वाह खर्चासह. इतर मागासवर्ग, आदिवासी, मराठा आणि खुल्या वर्गातील आर्थिक दुर्बल यांच्यासाठीही वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत. इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळ परदेशी शिक्षणाच्या २० लाखांपर्यंतच्या बँक कर्जावरचे व्याज परत करते. नाकाडोंगरीच्या पंचक्रोशीत या योजनांना पात्र ठरणारी घरे मोठ्या संख्येने आहेत, पण योजना माहीत असणारी घरे कमी. आणि माहीत असलेल्यांनाही वेळेचा घोळ नडतो. विद्यापीठ अनामत मागते एका महिन्यात, निवड यादी लागते नंतर. निकषही मध्येच बदलतात. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत २०२५ मध्ये १०६ जणांची निवड झाली, पण पहिल्यांदा पत्रे मिळाली ती ४० जणांनाच. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास, असे सांगितले गेले. निवड होऊन पैशासाठी थांबणे म्हणजे त्या वर्षीचा प्रवेश हातचा जाण्याची भीती.

एक आक्षेप राहतो, शिकून तिकडेच राहिला तर गावाला काय मिळाले? तो रास्त आहे, पण सगळा भार तरुणांवर टाकणारा आहे. डोंगरी बुजुर्गचा दगड शंभरेक वर्षे बाहेर जातो आणि त्यावर पुढची प्रक्रिया करणारे पुरेसे उद्योग तालुक्यात उभे राहत नाहीत, तोवर मेटलर्जीचा मास्टर्स घेऊन परतणाऱ्याला काम कुठे द्यायचे, याचे उत्तर गावाकडे नसते. परत या म्हणण्याआधी परतण्यासारखे काही उभे करावे लागते. सार्वजनिक पैशावर गेलेल्याने काही वर्षे राज्यात काम करावे अशी अट घालायला हरकत नाही, बडोद्यानेही ती घातली होती. पण स्वतःच्या घरादाराच्या जिवावर गेलेल्याला तो प्रश्न विचारायचा अधिकार कुणाला नाही.

आणि मुलींबद्दल. मुलाच्या एमएससाठी सही करणारे घर मुलीच्या वेळी ‘लग्नाचे काय’ म्हणते. जोखीम दोघांची सारखीच, कर्ज सारखेच, उलट अनेक बँका मुलींना व्याजात अर्धा टक्का सवलत देतात. हिशेब मांडायचा तर दोघांचा एकाच पट्टीने मांडा.

आमचे मत असे. परदेशी एमएस ही वाईट गोष्ट नाही आणि प्रत्येक हुशार मुलाची पायरीही नाही. धान लावणारा शेतकरी पावसाच्या चांगल्या वर्षावर कर्ज उचलत नाही. मुलाला पाठवतानाही वाईट वर्ष धरून हिशेब करावा. परत येऊन नागपूर-पुण्याच्या पगारात हप्ता भरता येणार असेल, तर कर्ज काढून जायला हरकत नाही. येणार नसेल, तर शिष्यवृत्ती, फी नसलेले विद्यापीठ, मानधनाची पीएचडी किंवा गेट, यांपैकी काही हाती लागेपर्यंत थांबावे, आणि थांबण्याच्या काळात दोन वर्षे नोकरी करून साठवावे. चोविसाव्या वर्षी गेलेला विद्यार्थी बाविसाव्या वर्षी गेलेल्यापेक्षा मागे पडत नाही, उलट काय शिकायचे ते त्याला जास्त कळते. आपल्या पदवीच्या विषयाला तिकडे जे मिळते ते इथे मिळत नाही, हे दोन वाक्यांत सांगता येत नसेल, तर तो मुलगा फक्त व्हिसा विकत घेतो आहे. त्या मालाची किंमत दरवर्षी वाढते आहे आणि हमी कमी होते आहे.

सरकारकडून तीन गोष्टी मागायला हव्यात. परदेश शिष्यवृत्तीच्या याद्या विद्यापीठांची अनामत भरण्याची मुदत येण्याआधी लागाव्यात आणि लागलेल्या यादीला पैसे असावेत. शेतकरी कुटुंबांसाठी तारणमुक्त कर्जाची हमी साडेसात लाखांवर अडकून राहू नये, निदान फी नसलेल्या सरकारी विद्यापीठांसाठी ती वाढावी. आणि सगळ्या विभागांच्या योजनांची माहिती एका ठिकाणी, मराठीत, तालुक्याच्या कॉलेजपर्यंत पोहोचावी.

घरच्यांनी मात्र सरकारची वाट पाहू नये. मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असतानाच एका रविवारी आई-बाप, सही करणारा काका-मामा आणि स्वतः विद्यार्थी यांनी एकत्र बसून कागदावर दोन रकाने आखावेत. एकात चांगल्या वर्षाचा हप्ता, दुसऱ्यात वाईट वर्षाचा. दुसऱ्या रकान्यातला आकडा सगळ्यांना झेपत असेल, तरच अर्ज भरावा.